सदतिसावी वडी

मित्रांनो, मी पत्र्याचा एक जुना ट्रे आहे. एका हिशेबानं माझं डोकं जे फिरलं, ते अजून ठिकाणावर आलेलं नाही.

कळंबच्या एका कारागिरानं मला घडवलं. माझ्या तळाला त्यानं पाच आडव्या आणि पाच उभ्या रेघा कोरल्या. रेघांवरून सुरी फिरवली की सहा ओळींत सहा-सहा, अशा छत्तीस वड्या पडत. बहात्तरच्या दुष्काळात मी एका गावच्या बालवाडीत आलो. ती सोसायटीच्या गोदामाच्या ओसरीत भरायची. केशरबाई गव्हाचं पीठ भाजून, गूळ घालून सुकडी करायच्या आणि माझ्यात थापायच्या. मुलंही छत्तीसच होती. मोठा गुणी आकडा! मुलं दोन-दोन बसोत, तीन-तीन, चार-चार की नऊ-नऊ, ओळ कधी अपुरी पडायची नाही. मला वाटे, सगळे आकडे असेच असतात.

मग एके सकाळी पिराजी आपल्या लेकीला, यशोधराला, घेऊन आला. तो तलावाच्या कामावर खडी फोडायचा. गावाबाहेरच्या बौद्ध वस्तीतलं बालवाडीत आलेलं ते पहिलंच मूल. मुलं झाली सदतीस.

माझा गोंधळ तेव्हापासूनचा. केशरबाईंनी चार ओळींत नऊ-नऊ वड्या कापल्या, तर एक मूल उरलं. पाच ओळींत आठ-आठ कापल्या, तर तीन वड्या उरल्या आणि त्यांवरून पोरांची झोंबाझोंबी झाली. एकाच ओळीत सदतीस पातळ पट्ट्या कापल्या, तर त्यांचा भुगाच झाला. शेवटी त्या पुन्हा छत्तीस कापू लागल्या. प्रत्येक वडीचा कोपरा मोडायचा आणि तो चुरा यशोधराच्या ओंजळीत घालायचा, असं रोज चाललं. मी तोच, रेघा त्याच. मग एका मुलीनं एवढं काय बिघडलं, मला उमजेना.

एक दिवस तिनं विचारलं, “मावशी, माझी वडी कुठली हाय?”

केशरबाईंनी सुरी खाली ठेवली. शाळेचे शरणप्पा गुरुजी समोरून चालले होते, त्यांना हाक मारली. “गुरुजी, सदतिसाचे सारखे भाग कसे पाडू?”

“न्हाय पडत, बाई,” गुरुजी म्हणाले. “तो आकडाच तसला हाय. एक तर सदतीस भाग करा, न्हाय तर एकच.”

“मंग एकच ऱ्हाऊ द्या.”

त्यांनी सुकडी हातानं मोकळी केली, मला ओसरीच्या मधोमध ठेवलं आणि सगळ्या मुलांना भोवती बसवलं. इतके हात एकदम माझ्यात कधी आले नव्हते. कोणता हात कुणाचा, मला कळेना.

दुसऱ्या दिवशी गावातले मोठे शेतकरी नानासाहेब आले. “आमची नातवंडं त्या पोरीसंगं एका भांड्यात खायची न्हाईत,” एवढंच बोलून ते आपल्या दोघांना घेऊन गेले.

मुलं उरली पस्तीस. पस्तिसाच्या पाच ओळींत सात-सात वड्या सहज पडतात. गुरुजींनी तसं सांगितलंही.

“ठावं हाय मला,” केशरबाई म्हणाल्या. सुरी मात्र त्यांनी हातात घेतली नाही.

आता माझ्या कडा गंजल्यात आणि मी गोदामाच्या कोपऱ्यात पडून आहे. चूक त्या आकड्याची होती, माझ्या रेघांची, की आणखी कुणाची, ते मला अजून नीट सांगता येत नाही. मित्रांनो, तुमच्या घरी असं जुनं भांडं असेल, तर पुसून, कोरडं करून ठेवा. आणि त्यात वाढायला घ्याल तेव्हा आधी सगळ्यांना बसू द्या. मोजायचं मागाहून बघा.