मारलं कुणी

किलिकुरा उपनगरातल्या चर्चच्या मागच्या खोलीत दर शनिवारी दुपारी हैतीहून आलेल्या बायकांचा स्पॅनिशचा वर्ग भरे. रोझमेन पहिल्या बाकावर बसायची. सुपरमार्केटच्या फरशा पुसतानाही तिच्या तोंडी क्रियापदं असायची. तिच्या मायबोलीत, क्रेयोलमध्ये, मी असो, तू असो की ती असो, क्रियापद जागचं हलत नाही. इथं मात्र माणूस बदलला की क्रियापदाचं शेपूट बदलतं.

"एवढी शेपटं सांभाळायला आपण काय गुराखी आहोत?" शेजारची जिस्लेन म्हणायची. रोझमेन हसायची आणि वही भरत राहायची.

त्या शनिवारी भूतकाळ सुरू झाला. "आधी फक्त स्वतःचं सांगायला शिका," शिकवणाऱ्या एलियानाबाई म्हणाल्या. मी खाल्लं, मी धुतलं, मी मारलं.

मंगळवारी रोझमेनची सहा वर्षांची लेक विदलीन शाळेतून गालावर वळ घेऊन आली. वरच्या वर्गातल्या मुलीनं मारलं होतं, आणि कुणाला सांगितलंस तर आणखी मारीन असा दमही भरला होता. आजवर रोझमेन शाळेत नुसती मान डोलावून परतायची. बुधवारी मात्र ती रजा काढून, लेकीला घेऊन, वाटभर वाक्य घोळवत गेली.

"काय झालं हिच्या गालाला?" मुख्याध्यापिकेनं विचारलं.

"पेगे," रोझमेन ठासून म्हणाली. "विदलीनला. खूप जोरात."

तिनं मारलं, हे सांगायला 'पेगो' हवं होतं. 'पेगे' म्हणजे मी मारलं.

मुख्याध्यापिका थबकली. "तुम्ही?"

आपण आई का, असं विचारताहेत असं रोझमेनला वाटलं. "हो, मी," ती म्हणाली, आणि कसं मारलं ते हात उगारून दाखवलं.

"कुणी मारलं, बाळा?" मुख्याध्यापिकेनं विदलीनला विचारलं.

विदलीन दाराकडे बघत होती. "मी पडले," ती म्हणाली.

संध्याकाळी बालकल्याण खात्याच्या दोन बायका आल्या आणि पोरीला बालगृहात घेऊन गेल्या. मागे राहिलेला कागद जिस्लेननं अडखळत वाचला. "आईनं स्वतः कबूल केलं, असं लिहिलंय. तू असं कशाला म्हणालीस?"

"मी नाही म्हणाले."

"काय म्हणालीस मग? नीट आठवून सांग."

रोझमेननं तो शब्द सांगितला. जिस्लेन भिंतीला टेकून खाली बसली.

पुढच्या आठवड्यात दुभाषी मिळाला. त्यानं सगळं नीट सांगितलं. खात्याच्या अधिकाऱ्यानं ऐकून घेतलं आणि तो म्हणाला, "आता जबाब फिरवतायत. कोर्टालाच ठरवू दे." तारीख दीड महिन्यानंतरची होती.

रविवारी तासभर भेट मिळे. विदलीन आली, खुर्चीच्या कडेला बसली. रोझमेननं क्रेयोलमध्ये विचारलं, "जेवलीस का गं?"

"ताई, स्पॅनिशमध्ये बोला," कोपऱ्यात देखरेखीला बसलेली बाई म्हणाली. "मला कळायला हवं."

रोझमेननं तोंड उघडलं. जेवलीस, जेवले, जेवली. कुठलं शेपूट कुणाचं, आता कशाचीच खात्री उरली नव्हती. तिनं लेकीला जवळ ओढलं, विस्कटलेल्या वेण्या सोडल्या आणि एकेक परत घालायला घेतली. तास संपेपर्यंत ती एक अक्षरही बोलली नाही. अर्ध्या वेण्या तशाच राहिल्या.