मार्चचे सामने

ॲरिझोनाच्या उन्हात डेल्बर्ट बेसबॉलचा, मोसमाआधीच्या सरावाचा सामना बघत होता. शेजारी मेहुणा ऑरिन शेंगा फोडत चेंडू टाकणाऱ्या नव्या पिचरवर उखडला होता.

"दोन इनिंगमध्ये धापा टाकतोय! एकशे बासष्ट सामन्यांचा मोसम काय काढणार हा? मे महिन्यातच खांदा धरून बसेल!"

"हं."

डेल्बर्टच्या मांडीवर सामना नोंदवत जायची दोन स्कोअरकार्डं होती. दुसरं बायकोचं, व्हर्नाचं. सवयीने घेतलं गेलं होतं.

"दाजी, एवढं मन लावून काय लिहिताय? मार्चचे सामने कोण धरतं?"

गेल्या मार्चमध्ये व्हर्ना "चल ना" म्हणाली, तेव्हा डेल्बर्टनेही हेच सुनावलं होतं. एप्रिलमध्ये खरा मोसम सुरू झाला की जाऊ, म्हणाला होता. तिने एप्रिल पाहिलाच नाही.

फलंदाज बाद झाला. डेल्बर्टने ते दोन्ही कार्डांवर लिहिलं.