विंगेतला राजा

धोंडिराम शिंपी विंगेत बसून राहिला तर नानासोंचा फायदा काय, एवढा हिशेब आधी मांडू. पुढची गोष्ट आपोआप कळेल.

कोरेगावच्या अलीकडचं आमचं गाव. जत्रेत नाटक ठरलेलं आणि राजाचं काम त्याहून ठरलेलं: स्टेजचा खर्च जो उचलेल त्याचं. नानासोंचा ऊस दांडगा, आवाज त्याहून दांडगा, पाठांतराच्या नावानं मात्र शिमगा. धोंडिराम वही घेऊन विंगेत बसायचा, वाक्य हळू सांगायचा, मग थांबायचा. तेच वाक्य नानासो ढोल बडवल्यागत पुढं फेकायचे. टाळ्या नानासोंना, फेटा नानासोंना, पुढं सरपंचकीही त्यांनाच. धोंडिरामाला चहा आणि वारा न लागणारी जागा.

बासष्टच्या जत्रेला राणीच्या कामासाठी सांगलीहून चंद्राबाई आली. दुपारच्या तालमीला नानासोंचा पत्ता नाही. फडात उसाच्या गाड्या भरत होत्या. बाई म्हणाली, "तवर ह्या प्रॉम्टरला हुबा करा. समोर माणूस नको व्हय बोलायला?"

धोंडिराम गळ्यातल्या टेपसकट उभा राहिला. लढाईवर निघालेला राजा राणीचा निरोप घेतो, तो प्रवेश. सुरुवातीला तो वहीत बघत होता. मग वही खाली गेली. मांडव घालणारे गडी दोर हातात धरून तसेच थांबले. राणीनं बोलायची पाळी आली, तर बाई गप्प.

"काय चुकलं का माजं?" धोंडिराम घाबरला.

"माजं चुकलं. राजाकडं बघत बसले आन् वाक्यच इसरले."

आम्ही हसलो. शिंप्याला राजा म्हणणारी बाई आम्ही प्रथमच पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी यष्टीच्या थांब्यावर तिनं धोंडिरामाला आणि त्याच्या बायकोला, आक्काताईला, बोलावून घेतलं. "सांगलीला चला. आमच्या कंपनीला माणूस पायजे. दिवाळीपातूर जागा धरून ठेवते. दोघांची तिकिटं मी काढते."

"आवं बाई, मी शिंपी माणूस."

"मग? राजाचा अंगरखा शिवतो त्याला तो बसत न्हाई व्हय?"

आक्काताई घरी येऊन मशिनीला तेल घालू लागली. लांब न्यायची तर ती कुरकुरू नये म्हणून. धोंडिराम मात्र सल्ला घ्यायला गेला. आमच्याकडं बैल विकायचा असला तरी मोठ्या माणसाला विचारल्याशिवाय दावं सुटत नाही. आणि हा विचारायला गेला कुणाला, तर नानासोंना!

"जा की गड्या," नानासो म्हणाले. "पर फुडच्या जत्रंला राजाचं काम तुलाच द्यायचं माज्या मनात हुतं. आता तूच निगालास म्हटल्यावर..."

धोंडिराम राहिला. आक्काताई एवढंच म्हणाली, "मशीन डोक्यावर घिऊन आले असते मी. मला इचारायचं तरी."

पुढच्या जत्रेला नानासोंचे पाहुणे येणार होते. त्यांच्यादेखत राजाचं काम सोडणं नानासोंना बरं दिसेना. त्याच्या पुढच्या वर्षी निवडणूक आली. चंद्राबाई दरसाल यायची आणि विंगेत धोंडिराम दिसला की नजर वळवायची. तिनं धरलेली जागा केव्हाच भरली होती.

सहासष्टला गावात पहिल्यांदा कर्णा आला. माईक बांधला नेमका विंगेशेजारी. निरोपाचा प्रवेश सुरू झाला आणि धोंडिरामाचा हळू आवाज साऱ्या माळावर पसरला. बायांनी डोळ्यांना पदर लावले. मागोमाग नानासो तेच वाक्य घेऊन गरजले, तेव्हा बायांमधून रंगूबाई ओरडली, "गप बसा वो नानासो! त्येला बोलू द्या की!"

धोंडिराम घाबरून गप्प झाला. मग नानासोही गप्प झाले. त्यांना दुसरा इलाजच नव्हता.

गावाच्या डोक्यात असा एकदम उजेड पडला. पुढच्या जत्रेत नानासो रुसून घरी बसले आणि गावानं राजाचं काम धोंडिरामाला दिलं. अंगरखा त्यानं स्वतःच्या मापाचा शिवला.

तो स्टेजवर आला. पहिलं वाक्य बोलला, हळूच, आणि थांबला. दुसरं बोलला आणि पुन्हा थांबला. मागून कुणी म्हणालं, "इसरला रं!" विसरला नव्हता. त्याला सगळं नाटक पाठ होतं. प्रत्येक वाक्यानंतर तो कुणीतरी ते मोठ्यानं म्हणण्याची वाट बघत होता.

"आता कुणी न्हाई बोलणार," चंद्राबाई पुटपुटली. "तुमीच फुडं चला."

त्याला जाता येईना. लोकांनी शिट्ट्या मारल्या आणि पडदा पाडावा लागला. एवढी वर्षं ज्याच्या वाक्यांवर आम्ही टाळ्या वाजवल्या, त्याच्याच वाक्यांवर शिट्ट्या.

सकाळी बाईला पोचवायला पंचांपैकी कुणी फिरकलं नाही. धोंडिराम मशिनीवर मान घालून बसला होता. नानासोंच्या वाड्यावर कालची हकिकत चवीनं चालली होती. थांब्यावर एकटी आक्काताई होती, बाईची ट्रंक धरून.

"मी तवाच हात धरून न्यायला पायजे हुतं," बाई म्हणाली.

"मी बी," आक्काताई म्हणाली.

यष्टी आली. कंडक्टरपुढं आक्काताईनं पदराची गाठ सोडली आणि स्वतःचं सांगलीचं तिकीट काढलं. एकच.