बाद प्रश्नावली क्रमांक एकशे बारा

मी प्रश्नावली क्रमांक एकशे बारा. मला बाद ठरवलंय, तरी आज बोलणार आहे.

कामाचा ताण आणि आजारपण यांचा काही संबंध आहे का, हे शोधायला संशोधक बाईंनी मला जन्म दिला. माझा एकेक प्रश्न त्यांनी दहा वेळा खोडून लिहिला. मला त्यांचा केवढा अभिमान होता!

मग माझ्या छापील बहिणींसोबत माझी रवानगी झाली ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या एका कचेरीत. कानाला हेडफोन लावून तिथली माणसं दिवसभर परक्यांच्या शिव्या खात. दोन फोनच्या मध्ये पाणी प्यायलाही सवड नसे. ताणाने तब्येत बिघडते असं आकड्यांत दिसलं, तर दर तासाला दहा मिनिटं विश्रांती देऊ, असं साहेबांनी कबूल केलं होतं.

फॉर्म भरताना साहेब स्वतःच फेऱ्या मारत होते! माझ्या बहुतेक बहिणींवर 'त्रास कधीच नाही' याच खुणा झाल्या. मी मात्र एका धीट ताईच्या हाती पडले.

"बाई, खरं लिहू?" तिने हळूच विचारलं.

"खरंच लिहा ताई. वाया नाही जाणार."

तिने लिहिलं. छातीत धडधड, नेहमी. शांत झोप, कधीच नाही. समासातसुद्धा लिहिलं, 'घरचा फोन वाजला तरी हात थरथरतो.'

सहा महिन्यांनी कचेरीत तब्येतीची तपासणी झाली. तोवर ताईने हृदयविकाराने अंथरूण धरलं होतं, नोकरीही सुटली होती. तिच्यासारखेच आणखी आठ जण आजारपणामुळे नोकरी सोडून गेले होते. तपासले गेले ते टिकलेले, धडधाकट.

"हिचं काय करू?" आकडेमोड करणाऱ्या सहकाऱ्याने मला उचललं. "आजारी पडली म्हणूनच आली नाही ती."

बाई जरा घुटमळल्या. "तपासणीची नोंद नाही ना? मग बाद. अहवाल सोमवारी द्यायचाय."

अहवालात छापून आलं, ताणाचा तब्येतीशी संबंध आढळला नाही. साहेब खूश झाले, विश्रांती बारगळली. जिने जन्म दिला, तिनेच माझा केसाने गळा कापला.

आता मी बाईंच्या खणात पडून असते. काल ताईचा फोन आला. स्पीकरवर तिचा थकलेला आवाज मी लगेच ओळखला.

"बाई, माझं लिहिलेलं उपयोगी पडलं ना?"

"हो तर! खूप," बाई म्हणाल्या आणि त्यांनी माझा खण ढकलून बंद केला.

मला खुशाल रद्दीत घाला. पण त्याआधी कुणीतरी तिला खरं सांगा.