चाकांवरचा विचार

माझे सासरे, म्हणजे बाबा, चष्म्याचे दुकानदार. रस्त्याने जाताना समोरून येणाऱ्या माणसाच्या नाकावर चष्मा तिरका बसलाय, हे बघत राहिले आणि पदपथाची पायरी चुकली. घोट्याचं हाड मोडलं. "जन्मभर लोकांना नीट दिसावं म्हणून धडपडले, आणि स्वतः बघा," असं सासूबाई डॉक्टरांसमोरच म्हणाल्या. प्लास्टर निघेपर्यंत पाय टेकायचा नव्हता. घरात चाकांची खुर्ची आली.

प्लास्टरचा शेवटचा आठवडा सुरू झाला आणि दुकानाशेजारचा औषधवाला घरी आला. त्याला मधली भिंत पाडून आपलं दुकान वाढवायचं होतं. "काका, विकता का? शनिवारपर्यंत सांगा, नाहीतर मी पलीकडचा गाळा घेईन."

दुकान चालत होतं म्हणण्यापेक्षा रांगत होतं. काचा घासायचं यंत्र केव्हाच बंद पडलेलं. काचा बाहेरून तयार येत. विकलं तर म्हातारपण निवांत जाईल, हे बाबांनाही कळत होतं. पण मग सकाळी उठून करायचं काय, हा प्रश्न त्यांना खात होता.

"मला बसून विचार करता येत नाही," ते म्हणाले. "माझे सगळे निर्णय चालताना झालेत."

"आपलं लग्नसुद्धा?" सासूबाईंनी विचारलं.

"ते बसून ठरलं होतं."

सासूबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या.

तेव्हा असं ठरलं की रोज संध्याकाळी कुणीतरी बाबांना तळ्याभोवती फिरवून आणायचं, म्हणजे त्यांना विचार करता येईल. पहिल्या दिवशी माझा नवरा घेऊन गेला. परत आल्यावर मी विचारलं, "काय ठरलं?"

"ठरलं," तो म्हणाला. "मी गिटारचा क्लास सोडतोय. मला ते जमत नाही."

घरात कुणीच फारसं दुःखी दिसलं नाही.

"अरे, पण बाबांचं काय ठरलं?"

"बाबांना झोप लागली होती."

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी पदर खोचला. "यांना आजवर ढकलतच आलेय. आता चाकं आहेत, एवढंच." परतल्या तेव्हा त्यांचा चेहरा टवटवीत होता. "मी आजपासून मधल्या खोलीत झोपणार," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं हे घोरणं का ऐकून घेतलं, माझं मलाच कळेना."

"माझं अजून काही ठरलेलं नाही," बाबा खुर्चीतून म्हणाले.

"तुम्हाला कुणी विचारलंय?"

तिसऱ्या दिवशी मी गेले. मी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. कित्येक दिवस एक निष्कर्ष जुळत नव्हता आणि मी नमुन्यांना दोष देत होते. तळ्याच्या वळणावर, चाक कुरकुरतं तिथे, मला एकदम स्वच्छ दिसलं: नमुने ठीक होते, तापमापक चुकत होता. तो मीच निवडून आणला होता, म्हणून त्याच्यावर संशय घ्यायचं माझ्या मनात आलं नव्हतं. मी थांबून खाली वाकून पाहिलं. बाबांची हनुवटी छातीवर टेकली होती.

तीन नोंदींवरून नियम मांडू नये, असं मी माझ्या हाताखालच्यांना नेहमी सांगते. तरी घरी पोचल्यावर मला राहवलं नाही.

"बाबा, तुम्ही चालतच नाही आहात. चालतोय आम्ही."

"म्हणजे खुर्ची माझी आणि अक्कल तुम्हाला?"

"तसंच दिसतंय."

"मग औषधवाल्यालाच एकदा ढकलू दे. त्याचा विचार तरी बदलेल."

शुक्रवारी प्लास्टर निघालं. डॉक्टरांनी वॉकर देऊन घरातल्या घरात चालायची परवानगी दिली. बाबा पलंगापासून स्वयंपाकघराच्या दाराकडे निघाले. आधी वॉकर, मग दुखरा पाय, मग दुसरा.

"एव्हाना गोगलगाय पोचली असती," सासूबाई ओट्यापाशी उभ्या राहून म्हणाल्या.

"गोगलगायीला दुकान विकायचं नसतं."

ते दारापर्यंत आले, वळले, परत गेले, पुन्हा आले. कपाळावर घाम आला होता. नवऱ्याने मोबाइल बाजूला ठेवला. पुढच्या फेरीला बाबा खिडकीशी थांबले.

"विकतो."

"नक्की?" नवऱ्याने विचारलं.

"दुकानात बसून मी करतो काय? फ्रेमा पुसतो आणि घड्याळ बघतो. मला आवडतं ते जाणं आणि येणं. पूल ओलांडायचा, सायकलवाल्याशी दोन शब्द बोलायचे, लोकांचे वाकडे चष्मे बघायचे. दुकान नुसतं मधे येतं."

सासूबाईंनी गॅस बारीक केला. "आणि ते गेल्यावर रोज कुठे जाणार?"

"तिथेच. तुझ्या गुडघ्यांच्या गोळ्या आणायला."

"रोज?"

"एकेक आणीन," बाबा म्हणाले आणि वॉकर वळवून पुढच्या फेरीला लागले.