चार बोटं कमी

मित्रांनो, मी एक जुनी दोरी आहे. लांबी फार तर दीड हात. एके काळी रंग गव्हाळ होता, आता बोटांच्या मळाने आणि सायकलीच्या तेलाने काळपट झाला आहे. मी ज्या खिळ्यावर लटकते, त्यावर दुकानात येणारे लोक टोपी अडकवतात. टोपीखाली मी आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

कोलंबिया देशात बोयाकाचे डोंगर आहेत, तिथला माझा जन्म. आमच्याकडे घायपातासारखं एक काटेरी झाड असतं. त्रान्सितो नावाच्या बाईने त्याची पानं ठेचली, धुतली, वाळवली आणि मांडीवर पीळ देऊन मला वळलं. पहिलं काम मिळालं गुळाच्या ढेपा बांधण्याचं. गुळाचा वास अंगाला असा चिकटला की पुढे कित्येक दिवस मुंग्या मला भेटायला येत. ढेपा सुटल्या की दोरी फेकायची, अशी जगाची रीत आहे. पण त्या ढेपा कुस्तोदियोच्या घरी गेल्या होत्या, आणि त्याला काही फेकवत नसे.

कुस्तोदियो सायकली दुरुस्त करायचा. रविवारी दुकानाला कुलूप लावून घाट चढायचा. आमच्याकडे रस्ता एक तर चढतो नाही तर उतरतो. सपाट म्हणावं असं गावात एकच मैदान, आणि तेही एका बाजूला कललेलं. अशा मुलुखात सकाळी निघून दिवस मावळायच्या आत घरी यायचं, तर बेत नीट आखावा लागतो. खिंडीवर सहा वाजले की अंधार, धुकं आणि हाडं गोठवणारा वारा.

म्हणून त्याने भिंतीवर नकाशा लावला आणि मला हाती घेतलं. आधी माझ्या अंगावर पाच गाठी मारल्या. नकाशावर घरं दिसतात, पण दार उघडणारी माणसं दिसत नाहीत. दमून आलेल्याला गरम गूळपाणी देतील अशी पाच माणसं त्या रस्त्यांवर होती, त्या प्रत्येकाची एक गाठ. मग आजवरची आपली सगळ्यात लांब एका दिवसाची फेरी त्याने माझ्यावर मोजली आणि उरलेलं टोक कापून टाकलं.

त्या दिवसापासून नियम ठरला : दोरी पुरली तर दिवस पुरेल. दुकानापासून मला रस्त्याच्या वळणावळणाने बसवत न्यायचं. दुसरं टोक फिरून दुकानाशी आलं तर निघायचं, नाही तर नाही. आसपासच्या गावांतले सायकलवाले विचारायला येत. कुस्तोदियो म्हणे, "मला नका विचारू, दोरीला विचारा." काय सांगू, मित्रांनो, त्या दिवसांत मला मान होता!

एकच फेरी माझ्यात बसत नव्हती. ला क्रूस, पिएद्रा निग्रा आणि लास आनिमास, अशा तीन खिंडींची. दरवेळी चार बोटं कमी.

कुस्तोदियोचा जिवाभावाचा सोबती अनानियास. लास आनिमासच्या चढावर, खिंडीच्या पलीकडल्या अंगाला राहायचा. माझी एक गाठ त्याची होती. एकदा भरल्या दुकानात तो म्हणाला, "मास्तर, चार बोटं कोणाची? तुमची जाड आहेत. माझी लावून बघा."

"दोरी पुरत नाही म्हणजे नाही," कुस्तोदियो म्हणाला.

"मग लग्न त्या दोरीशीच लावा तुम्ही!"

सगळे हसले. आमच्याकडे भांडतानाही अहो-जाहो सुटत नाही, त्यामुळे भांडण लागलंय हे उशिरा कळतं. पुढच्या रविवारी अनानियास एकटाच त्या फेरीवर गेला. तिसऱ्या खिंडीत गारांनी त्याला झोडपलं. परत आला तो बटाट्याच्या ट्रकमध्ये, पोत्यांवर बसून, ओठ निळे पडलेले. कुस्तोदियोने काय करावं? जवळ घ्यावं, घोंगडं द्यावं. तो दारात उभा राहून सगळ्यांदेखत म्हणाला, "या, या! बटाटे काय भावाने दिलेत?"

अनानियासने सायकल उतरवून घेतली. पाठ फिरवली. परत कधी आला नाही.

आठवडाभर वाट पाहून कुस्तोदियोने आरीच्या टोकाने त्याची गाठ सोडली. गाठ सुटली, मुरड राहिली. काही वर्षांनी त्या पाचांतली एर्मिंदाबाई वारली. तिला पोहोचवून आल्यावर त्याने तिची गाठ सोडली. म्हाताऱ्या पास्तोरला त्याची लेक राजधानीत घेऊन गेली, तीही सुटली. दुकानातली माणसं कमी झाली. कुस्तोदियोचं लग्न झालं नाही ते नाहीच. संध्याकाळी तो नकाशासमोर बसून एकट्याने जेवायचा, आणि मी बघायची.

बावीस वर्षं गेली. एका शनिवारी त्याने उगाच, हाताला चाळा म्हणून, मला त्या तीन खिंडींच्या फेरीवर बसवलं. माझं टोक फिरून दुकानावर टेकलं.

"पुरली!" तो ओरडला. ऐकायला कोणी नव्हतं.

त्याला वाटलं, तेव्हा मोजण्यात चूक झाली असेल. मला खरं ठाऊक होतं. एकेक गाठ बोट-दीड बोट दोरी खाते. तीन गाठी सुटल्या, तेवढी मी लांबले. रस्ता होता तेवढाच होता. पण दोरीला तोंड कुठे असतं?

पहाटे मला सायकलच्या दांडीला गुंडाळून तो निघाला. ला क्रूसच्या माथ्यावर ब्लांकाबाईची पावाची भट्टी. तिने गूळपाणी दिलं, आमच्याकडच्या रीतीने त्यात चीजचा तुकडा टाकला.

"एवढ्या सकाळी कुठे?"

"तिन्ही खिंडी."

"एकटेच?"

"दोरी आहे की सोबत."

"तुम्ही पडलात तर ती हाक मारणार आहे वाटतं कोणाला?" असं म्हणत तिने पेरूच्या दोन वड्या त्याच्या खिशात कोंबल्या.

पिएद्रा निग्राच्या पायथ्याशी दूधकेंद्राच्या राखणदाराने मक्याची भाकरी दिली. माझ्या उरलेल्या दोन गाठी ब्लांकाबाईची आणि त्याची, त्या इथे संपल्या. पुढे एर्मिंदाबाईच्या दाराला गंजकं कुलूप होतं. पास्तोरच्या घराचं छप्पर खाली आलं होतं. वड्या संपल्या, पाणी संपलं. तिसरा घाट सुरू झाला तेव्हा चार वाजून गेले होते, आणि वरून धुकं उतरत होतं.

आमच्या सायकलवाल्यांत एका गोष्टीला 'पांढरी' म्हणतात. पोटातलं सगळं जळून गेलं की ती येते. डोळ्यांपुढे पांढरं होतं, पाय दुसऱ्याचे वाटतात. ती आली. कुस्तोदियो उतरला, दांडीवर ओणवा झाला. आधारासाठी त्याची बोटं माझ्यावर आली आणि अंगठा आपोआप चालू लागला. एक गाठ. दुसरी गाठ. मग मुरड. मुरड. मुरड.

अंगठा थांबला.

"तुला मीच लांब केलं," तो हळूच म्हणाला. इतक्या वर्षांत तो माझ्याशी पहिल्यांदा बोलला.

समोर पन्नास पावलांवर एका चुलीचा उजेड दिसत होता. तो कोणाचा, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. खिंड अजून तीन किलोमीटर वर, उतरण तिच्याही पुढे. त्या अवस्थेत वर गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी गवतात सापडतो. तरी तो उभाच. मला वाटलं, हा थंडीने मरेल, पण कडी वाजवणार नाही.

कुत्रा भुंकू लागला. आतून आवाज आला, "अहो, जरा गप्प बसा की! कोण आलंय बघू द्या." आमच्याकडे कुत्र्यालाही अहोच.

कुस्तोदियोने सायकल ढकलली. एक पाऊल, मग दुसरं. कडी वाजवली.

अनानियास घोंगडं पांघरून दारात आला. केस पांढरे, पाठ वाकलेली. त्याने पाहुण्याकडे पाहिलं, सायकलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"चार बोटं?" त्याने विचारलं.

"त्या दिवशी मी तसं बोलायला नको होतं," कुस्तोदियो म्हणाला. दात वाजत होते, तरी वाक्य पुरं केलं.

अनानियासने कुत्र्याला मागे ओढलं. मग दारातून बाजूला झाला. "या आत. बटाट्याचा ट्रक सकाळी सहाला जातो."

चुलीशी दोन पेले गूळपाणी पोटात गेल्यावर कुस्तोदियोच्या बोटांत जीव आला. त्याने मला सोडवून मांडीवर घेतलं आणि गाठ मारली, त्याच जुन्या मुरडीवर. तिथे ती लगेच बसली, जशी काही वाटच पाहत होती.

मी पुन्हा आखूड झाले. ती फेरी एका दिवसात कधीच बसली नाही. पुढे अकरा वर्षं, दर डिसेंबरात, कुस्तोदियो तीन खिंडींवर निघायचा, अनानियासकडे मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी दोघे मिळून खिंड ओलांडून घाट उतरायचे. नियम बदलला होता : दोरी जिथे संपेल, तिथे दार असलं म्हणजे झालं.

अनानियास गेला त्या आठवड्यात कुस्तोदियोने मला खिळ्यावरून काढलं. आरीचं टोक गाठीत घातलं. थोडा वेळ तसाच बसला. मग टोक बाहेर काढलं आणि मला परत अडकवलं.

आता तोही नाही. दुकान दुसऱ्याचं आहे. फेऱ्या मोबाइल आखतो. किती चढ, किती अंतर, अगदी बिनचूक. माझ्यासारखा तो फसवत नाही. पण त्यात गाठ मारता येते का, हे मला कोणी सांगितलेलं नाही.

मित्रांनो, तुमच्या वाटेवर तुमच्यासाठी उघडणारं एखादं दार असेल, तर वर्षातून एकदा तिथली कडी वाजवून या. जिथे रुसवा असेल, तिथे आधी जा. आणि कधी टोपी काढताना मी हाती लागले, काही बांधायला मला घेतलंत, तर माझ्या तीन गाठी तेवढ्या सोडू नका. आखूड पडले तर पडू द्या.