उशिरा आलेलं कांस्यपदक

पदकाची बातमी आली तेव्हा माझी धाकटी बहीण आसेनाते धक्क्यावर मासे कापत होती. क्रीडा संघटनेचे अध्यक्ष स्वतः स्कूटरवरून आले. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. लांबूनच ओरडले, "आसेनाते! अगं, तिसरी आलीस तू!"

तिनं वर पाहिलं. "कशात?"

"कशात म्हणजे? वेटलिफ्टिंगमध्ये! त्या खेळांत!"

त्या आंतरराष्ट्रीय खेळांना चार वर्षं उलटून गेली होती. तिथे ती एका किलोनं चौथी आली होती. आता तिसऱ्या नंबरच्या मुलीचे लघवीचे जुने नमुने पुन्हा तपासले आणि त्यांत बंदी असलेलं औषध सापडलं. तिचं पदक काढून घेतलं आणि ते आमच्याकडे येणार होतं. आमच्या देशाचं झाडून सगळ्या मोठ्या खेळांतलं पहिलं पदक.

"बरं," आसेनाते म्हणाली, आणि हातातल्या कुपा माशाचं पोट चिरून आतडी बादलीत टाकली. मी शेजारीच उभी होते. अध्यक्ष माझ्याकडे वळून म्हणाले, "लोसा, हिला नीट समजलंय ना?"

समजलं होतं. तिसरी आलेली ती मुलगी म्हणजे फेतुआओ. दुसऱ्या देशाची, दक्षिणेकडच्या मोठ्या बेटावरची. स्पर्धेआधी सगळ्या बेटांच्या मुली एकाच शिबिरात राहायच्या, तिथे या दोघींची गट्टी जमली. आसेनातेचा कमरेचा पट्टा तुटला तेव्हा फेतुआओनं स्वतःचा दिला होता. तोच बांधून आसेनातेनं शेवटची उचल केली. पहिली फेतुआओच धावत आली तिला मिठी मारायला. हे सगळं मी तिच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं, की मीच तिथे होते असं वाटायचं.

आसेनाते परत आली तेव्हा विमानतळावर घरची माणसं आणि पाद्रीबाबा एवढेच होतो. लोकांचंही काही चुकलं नाही. चौथ्या नंबरासाठी कोण हार घेऊन येणार? पुढच्या वर्षी सराव करताना तिची पाठ धरली. डॉक्टरांनी वजन उचलायचं नाही म्हणून सांगितलं आणि तिनं धक्क्यावर काम धरलं. त्यावर ती कधी रडली नाही. मीच रडले, तेही स्वयंपाकघरात.

पदक आलं त्या शनिवारी सभागृह गच्च भरलं. दोन डुकरं भाजली, पुलाकाचे कंद उकडले, बायकांनी फुलांचे मुकुट गुंफले. म्हाताऱ्यांनी लाकडी पेटीवर थापा मारत ताल धरला, नाच रंगत गेला. आसेनातेला मधोमध नव्या चटईवर बसवलं. नवरीसारखी सजवलेली, आणि चेहरा असा, की दुसऱ्याच कुणाच्या लग्नाला आलीय.

अध्यक्षांनी डबी उघडली. पदक नवं नव्हतं. फेतुआओनं परत केलेलंच पुढे पाठवलं होतं. फीत धुवून फिकी पडलेली, आणि कडेवर बारीक बारीक खाचा. अध्यक्षांनी ती बाजू अंगठ्यानं झाकून लोकांना पदक दाखवलं. मग ते तिच्या गळ्यात घातलं. तिनं लगेच उलटं करून त्या खाचांवरून बोट फिरवलं.

"दोन शब्द बोल," अध्यक्ष म्हणाले.

ती उठली. "मी चौथी आले होते. आता तिसरी आहे म्हणतात." जरा थांबली. "सगळ्यांनी जेवून जा."

लोक खळखळून हसले. कुणीतरी मागून ओरडलं, "एवढं लांबलचक भाषण नको गं, भूक लागलीय!" पुन्हा हशा पिकला. ती हसली नाही आणि रागावलीही नाही. खाली बसली आणि समोर ठेवलेलं सगळं खाल्लं.

दुसऱ्या दिवशी चर्चहून आल्यावर तिनं फेतुआओला फोन लावला. मी शेजारीच नारळ खवत होते. आवाज फुटत होता म्हणून तिनं स्पीकर चालू केला.

"मिळालं का?" फेतुआओनं विचारलं.

"मिळालं."

"त्या खुणा... माझ्या मुलीच्या दातांच्या आहेत गं. दात येत होते तेव्हा दुसरं काही तोंडात धरायचीच नाही."

"मला वाटलंच. आता किती मोठी झाली?"

"बोलते खूप. तुझ्यासारखी नाही."

आसेनातेनं फोन जवळ ओढला. मी खवणं थांबवलं.

"तू घेतलं होतंस?" आसेनातेनं विचारलं.

"खांदा दुखायचा. गोळ्या दिल्या, खाल्ल्या. काय आहे म्हणून विचारलं नाही. विचारायला हवं होतं. खरं सांगू? मला विचारायचंच नव्हतं." तिचा आवाज चिरकला. "शिव्या दे ना मला."

"येत नाहीयेत."

"मग रड तरी."

"तेही नाही." आसेनाते भिंतीकडे पाहत होती. "इकडे ये एकदा. मुलीला घेऊन."

"कुठल्या तोंडानं येऊ?"

"जहाजानं ये."

पलीकडून हसू फुटलं, आणि हसता हसता फेतुआओ हुंदके देऊ लागली. आसेनाते फोन हातात धरून शांतपणे ऐकत राहिली. मध्येच तोडला नाही, गप्प हो म्हणाली नाही. तिकडचं रडणं ओसरल्यावर म्हणाली, "पोरीला जेवायला घाल जा," आणि फोन ठेवला.

मी विचारलं, "तुला काय वाटतंय गं?"

"काही नाही, ताई." तिनं तळहात उलटे करून पाहिले, जुने घट्टे अजून होते. "त्या वेळी गळ्यात पडलं असतं तर नाचले असते. आता हे कुणीतरी सांभाळायला दिल्यासारखं वाटतंय. उद्या सरकारी कचेरीत नेऊन देते. तिथे काचेचं कपाट केलंय म्हणे."

"आणि तू?"

"मला सकाळी धक्क्यावर जायचंय. बोट येणार आहे."

ती आंघोळीला गेली. टाकीत साठवलेलं पावसाचं पाणी तांब्यानं घेत ती कितीतरी वेळ अंगावर ओतत होती. एरवी पाणी जपून वापर म्हणून मी ओरडले असते. त्या दिवशी मी नारळ खवत राहिले.